चढणीवरची बडबड

थोरल्या बहिणीच्या गावापर्यंत मोटार जात नाही. ती खालच्या नाक्यावर थांबते आणि पुढची दीड तासाची चढण पायी किंवा घोड्यावरून करावी लागते. माझे गुडघे आता कुरकुर करतात, म्हणून मी एक घोडी ठरवली. घोडेवाला साठीचा, काटकुळा, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"म्हातारे, पाय उचल. दगड आहे."

मला राग आला. "माझे पाय रिकिबीत आहेत," मी म्हणाले, "आणि माझं वय मला ठाऊक आहे."

त्यानं जीभ चावली. "तुम्हाला नाही हो आजी! हिला म्हणालो."

मग त्यानं हळूच सांगितलं. घोडीला वर्षभरापासून फारसं दिसत नव्हतं. तो वाट सांगायचा, ती चालायची. चढ, पाणी, वळण, समोरून येणारी खेचरं, सगळं सांगायचा. हे ऐकून मी खोगिराची कड दोन्ही हातांनी धरली.

"घाबरू नका. अठरा वर्षांत एकाला पाडलं नाही हिनं. पण आज वरच्या चौकीवर जनावरांची तपासणी आहे. परवान्याचा बिल्ला काढून घेतला, तर दुसरी घोडी आणावी लागेल. तबेला एवढासा, एकाच जनावराचा. घरवाली म्हणते, मग हिला विकायची."

"आंधळी घोडी घेणार कोण?"

"डावीकडे वळण, म्हातारे," तो म्हणाला.

चौकीजवळ गॅसच्या टाक्या लादलेली खेचरं रांगेत उभी होती. शेजारीच त्याच्या बायकोची चहाची टपरी. जनावरांची डॉक्टर तिशीतली मुलगी होती, पण या वाटेवरचा प्रत्येक मालक तिला पाठ असावा. तिनं जमिनीवर दोन बांबू आडवे ठेवले.

"काका, हिला यावरून न्या. आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

मी उतरले. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि दोरी धरून चालू लागला. पहिला बांबू घोडीनं कसाबसा ओलांडला. दुसऱ्यापाशी ती थांबली. तिचे कान एकदा पुढे, एकदा मागे, त्याला शोधत फिरू लागले. डॉक्टर तेवढ्यात कागदावर काही लिहीत होती. दोरीला जरा हिसका दिला असता तरी निभावलं असतं. त्यानं हिसका दिला नाही.

"आहे गं, इथंच आहे मी," तो म्हणाला. "बांबू आहे. पाय उचल."

तिनं पाय अलगद उचलला.

डॉक्टरनं घोडीची मान थोपटली आणि तिच्या गळ्यातला बिल्ला सोडवून घेतला.

बायको पदराला हात पुसत आली. "गेला?"

त्यानं नुसती मान हलवली.

"मग असे खांबासारखे उभे काय राहिलात? घरी जा आणि मागच्या पडवीतलं सरपण बाहेर काढा. नवी येईल ती तबेल्यात राहील."

"आणि ही?"

"पडवीत."

"अगं, तूच म्हणाली होतीस विकायची."

"म्हणाले होते. पण मग तुमची बडबड ऐकणार कोण? मी? मला नाही जमायचं."

त्याचं घर बहिणीच्या घराच्या अलीकडेच होतं. उरलेली वाट मी त्यांच्याबरोबर पायीच चढले. खोगीर त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं आणि पडवीत वारा कुठून येतो, ऊन कधी येतं, भिंत कुठं ओलसर आहे, ते घोडीला सविस्तर सांगत होता.