सोवळ्यात दिसावं म्हणून सिंगापूर

माघात सिंगापूरहून भावाचं रजिस्टर पाकीट आलं. त्यात निघालं ते असं: विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट एक, व्हिसाचा कागद एक, डॉक्टरांचं इंग्रजी पत्र दोन पानी, मोठा काळा चष्मा एक, आणि त्या चष्म्याच्या घरात कोंबलेली चॉकलेटं पाच. पाकिटावरची नुसती पोस्टाची तिकिटंच शंभर रुपयांच्या घरात जाणारी. तेवढ्या पैशांत आमच्याकडे आठवड्याचं दूध येतं. विमानाच्या तिकिटावरचा आकडा मी वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि पाकीट देवापुढे ठेवून दिलं. काही आकडे माणसाने वाचायचे नसतात.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी हे लिहिते आहे, कारण गौरीपासून तीन बायकांनी विचारलं, "सिंगापूरला कशी गेलात, दुखतं का, आणि खाल्लंत काय?" तिन्ही सांगते. पण आधी, का गेले ते.

माझा नंबर उणे सहा. म्हणजे चष्मा काढला की हात लांब केल्यावर स्वतःची बोटं दिसत नाहीत. आणि आमच्या साताऱ्याच्या घरात सोवळ्यात चष्मा चालत नाही. सासूबाईंचा नियम. "फ्रेम शिंगाची की कातड्याची, कुणाला ठाऊक? तीच घालून तू एसटीत बसतेस." मी म्हटलं, धुऊन घेते. त्या म्हणाल्या, "धुतलास तर सोवळ्याच्या कपड्यांसारखा उंच दांडीवर वाळत घाल, आणि घेताना काठीने काढ." एकदा तेही केलं. चष्मा दांडीवर वाळत होता आणि मला दांडीच दिसेना. काठीने मी पाऊण तास हवा ढवळली.

अशी अठरा वर्षं मी सोवळ्याचा स्वयंपाक चाचपडत केला. बोटं भाजली, ते असू दे. पण दरवर्षी गौरी मी बसवायची, आणि आपण बसवलेल्या गौरीचा चेहरा आपल्यालाच दिसायचा नाही. एका वर्षी कुंकू नाकाच्या शेंड्यावर लागलं. वन्सं म्हणाल्या, "यंदा ज्येष्ठेला सर्दी झालीय वाटतं." सगळे हसले. मीही हसले आणि मोरीत जाऊन डोळे धुतले.

माझं माहेर सांगलीचं. धाकटा भाऊ विनायक सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात आहे. भाऊबीजेला आला तेव्हा त्याने मला सोवळ्यात उकळत्या तेलाजवळ नाक नेऊन बघताना पाहिलं. ताटात ओवाळणी घालायला नेलेला हात तसाच वर धरून म्हणाला, "ताई, यंदा ओवाळणीत डोळे घे. तिकडे लेझर करतात. चष्मा जातो."

"साडी स्वस्तात पडली असती रे," मी म्हटलं.

सासूबाईंनी विचारलं, "कापतात का?"

"नाही, नुसता प्रकाश सोडतात."

त्यांनी बराच विचार केला. "प्रकाशाला सोवळं-ओवळं नसतं," म्हणाल्या. झालं, परवानगी मिळाली.

आमचे हे कोयनानगरला पाटबंधारे खात्यात, शनिवारी घरी येतात. ते म्हणाले, "कोयनेच्या घाटात तीन वळणांत तुझं पोट उलटतं. विमानात काय करणार आहेस?" दुधाच्या हौसाबाईंना तर पटेचना. "आवं वैनी, डोळ्यासाठनं समुद्रापल्याड? मिरज हाय की हितं!" मिरजेत सगळं होतं, पण हे यंत्र तिथं आल्याचं तेव्हा आमच्या तरी कानावर नव्हतं.

पासपोर्टसाठी पुण्याच्या तीन खेपा झाल्या. पुढे कुणी जाणार असेल तर रेशनकार्डावरचं नाव आणि मॅट्रिकच्या दाखल्यावरचं नाव आधीच जुळवून ठेवा. माझी दोन नावं निघाली आणि दोघींपैकी मी कोण हे सिद्ध करायला दोन खेपा गेल्या.

फाल्गुनात निघाले. सकाळच्या एसटीने मुंबई, संध्याकाळी विमान. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भावासाठी सांगलीचं भडंग दोन किलो आणि मेतकुटाचा डबा. विमानात घाट नसतो. पोट अजिबात उलटलं नाही, हे यांना मुद्दाम पत्राने कळवलं.

सिंगापूरच्या विमानतळावर मात्र साहेबाने मेतकुटाचा डबा उघडला. पिवळी पूड बघून त्याचा चेहरा बदलला. "व्हॉट पावडर?"

"फूड," मी म्हटलं. "राइस. घी. मिक्स."

त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिघे वास घेऊन आलटून पालटून शिंकले. शेवटी मी चिमूटभर घेतलं, रामाचं नाव घेऊन तोंडात टाकलं आणि उभी राहिले. तिघं माझ्याकडे बघत, मी त्यांच्याकडे. काही झालं नाही म्हटल्यावर त्यांनी डबा परत दिला. चव मात्र कुणी बघितली नाही. ज्याचं त्याचं नशीब.

विनायकचं घर अकराव्या मजल्यावर. रस्ते असे स्वच्छ की चप्पल घालून चालायला ओशाळल्यासारखं होतं. तिथला एक डॉलर म्हणजे आपले पंचवीस रुपये. पहिले दोन दिवस मी प्रत्येक गोष्टीला पंचविसाने गुणत होते. सेरंगून रस्त्यावर तमिळ लोकांची वस्ती आहे, तिथे केळीच्या पानावर भात-सांबार पोटभर मिळतं. बड्या हॉटेलात पन्नास डॉलरला काय मिळतं ते मी बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी उजवा डोळा. डॉक्टर चिनी, वयाने माझ्या भाच्याएवढे. नर्स मीनाक्षी, तमिळ, केसात अबोलीचा गजरा. डोळ्यात थेंब घातले, डोळा बधिर झाला, पापण्यांना चिमटा लावला. विनायक काचेपलीकडे उभा. डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच: वर लाल दिवा लागेल, त्याच्याकडे बघत राहायचं, हलायचं नाही. हललं तर प्रकाश भलत्या जागी लागेल आणि मग आहे ती नजरही भरवशाची नाही.

खोलीत अंधार केला. दिवा लागला.

आणि माझे दोन्ही हात जोडले गेले, मान खाली वाकली.

"नो, नो, नो!" डॉक्टर उडालेच.

मी म्हटलं, सॉरी. पुन्हा चादर नीट केली, पुन्हा अंधार, पुन्हा दिवा. पुन्हा हात वर! आता यात माझा काय दोष? कळायला लागल्यापासून अंधारात दिवा लागला की आपण काय करतो? हातातलं टाकतो, दिव्याला नमस्कार करतो आणि मग बोलतो. गाडीत दिवे लागले तरी माझे हात जोडले जातात.

विनायक काचेवर टकटक करत ओरडला, "ताई, देव नाही तो, बल्ब आहे!"

"मला कळतंय रे," मी पडल्या पडल्या म्हटलं, "हातांना कळत नाही."

डॉक्टर बाहेर जाऊन विनायकशी काहीतरी बोलले. तो आत आला तेव्हा उतरलेल्या तोंडाने म्हणाला, "ताई, ते म्हणतात, एकदाच आणखी बघू. हललीस तर करणार नाहीत. तुझ्यासारखीला हे जमण्यातलं नाही म्हणतात." हात बांधून ठेवले तरी मान वाकणारच, हे मला ठाऊक होतं. इतक्या लांब येऊन पुन्हा चाचपडत गौरी बसवायच्या?

तेव्हा मीनाक्षी डॉक्टरांना इंग्रजीत म्हणाली, आमच्याही घरी असंच करतात. आधी दिवा लावा, खोलीत अंधार नंतर करा. आणि मला खुणेने सांगितलं: आधी उरकून घे.

डॉक्टरांनी खांदे उडवले आणि दिवा लावला. मी हात जोडले. घाईत नाही, नीट. मनातल्या मनात शुभंकरोती पूर्ण म्हटली. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते, बघू देत. मग मीनाक्षीने माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, डॉक्टरांकडे बघून मान हलवली आणि खोलीत अंधार झाला. नमस्कार झाला होता. दिव्याचं देणं फिटलं होतं. आता तो बल्ब होता, आणि मी बल्बाकडे खुशाल बघत राहिले.

टक टक टक असा आवाज आला, केस जळल्यासारखा वास आला. फोडणी तडतडायला लागते तेवढा वेळ. संपलं.

दुखतं का? तेव्हा नाही. पुढचे तीन दिवस मात्र डोळ्यात मिरची भरल्यासारखं. आठवडाभर डोक्यावरून पाणी नाही, कुंकवाची पूड नाही, फोडणीजवळ उभं राहणं नाही. मी गळ्यापासून खाली अंघोळ आणि कपाळावर टिकली, अशी अर्धवट सोवळी राहिले. भावजय सुनीता मला बसल्या जागी चहा देई. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

आठवड्याने डावा डोळा करायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी सेरंगून रस्त्यावरच्या देवीच्या देवळात गेले. गर्दीत उभी राहून आलटून पालटून एकेक डोळा मिटत होते. डाव्या डोळ्याने नुसतं पिवळं धुकं. उजव्याने देवी, तिची नथ, नथीतला लाल खडा. शेजारची बाई मला वेडी समजून थोडी सरकली. दुसऱ्या खेपेला डॉक्टर स्वतःच म्हणाले, "फर्स्ट, प्रे." दिवा लावून हात बांधून उभे राहिले.

घरी परतले. नजर स्थिरायला आषाढ उजाडला. डावा डोळा उजव्यापेक्षा थोडा कमी आहे, रात्री दिव्यांभोवती गोल कडं दिसतं. जाणाऱ्यांनी हेही धरून चालावं. पण भाद्रपदात सोवळं नेसून गौरी बसवल्या आणि कुंकू कपाळाच्या बरोबर मध्यभागी लावलं. वन्संनी वाकून गौरीचं नाक बघितलं आणि आरतीचं ताट पुढे केलं. मी पाटासमोर बसून दोघींचे चेहरे किती वेळ बघत होते कोण जाणे, भात लागला.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. पुरणात घालायला सासूबाईंनी मला वेलदोड्याची डबी दिली. मी बघितलं तर हिंग.

"आई, हा हिंग आहे."

"वासाने कळलंच असतं मला," त्या म्हणाल्या. पण हात चाचपडत दुसरी डबी शोधत होता, अगदी माझ्यासारखा. इतक्या जवळ आम्ही सोवळ्यातच यायचो, आणि सोवळ्यात त्यांचा चेहरा मी कधी स्पष्ट पाहिला नव्हता. दोन्ही बुबुळांत ताकासारखा पांढरा ठिपका.

"किती दिवस असं आहे?"

"चार वर्षं झाली."

"मग बोलला का नाहीत? मोतीबिंदू काढतात की."

"काढल्यावर जाड चष्मा लागतो म्हणे." त्या डब्या एका रांगेत लावत राहिल्या. "आणि नियम माझाच ना गं."

मी पुरण ढवळत राहिले. मग सांगितलं, आता मिरजेला डोळ्याच्या आतच भिंग बसवतात, वरून चष्मा लागतोच असं नाही. नैवेद्य झाल्यावर, पान वाढताना त्या हळूच म्हणाल्या, "ते आतलं भिंग सोवळ्यात चालतं का, कुणाला विचारशील?"

माझं त्या ऐकणार नाहीत. सून सोयीचं सांगते असं त्यांना वाटायचं. पण दुसऱ्या घरच्या, सोवळं पाळणाऱ्या बाईने स्वतः लिहिलेलं त्या मानतील. तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी डोळ्यात भिंग बसवलेल्या आणि तरी सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या सासूबाई किंवा आई असतील, तर त्यांच्याकडून चार ओळी लिहून घेऊन उलट टपाली पाठवा. अक्षर मात्र बोटभर मोठं काढायला सांगा. पत्र आपण स्वतः वाचणार, असं त्या म्हणाल्या आहेत.