कांजिण्यांतला झगा

आत्यानं मला पहिल्यांदा ‘अहो’ म्हटलं, तेव्हा माझ्या अंगभर फोड आले होते.

एरवी ती मला ‘मडम’ म्हणायची. आई गेल्यापासून घर तिच्या हातात होतं. मी हैदराबादच्या मिशनच्या शाळेत राहून इंग्रजीत शिकते, सतरा संपून अठरावं लागलं तरी बिनलग्नाची आहे, या दोन्ही गोष्टी तिला सारख्याच टोचत. शाळेचं एकच वर्ष राहिलं होतं. बाबा बीडच्या कचेरीत होते आणि दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊन निकाल लांबवायची सवय त्यांना तिथंच लागली होती. उन्हाळ्याच्या सुटीत मी घरी आले तेव्हा मात्र त्यांनी निकाल दिला. नांदूरघाटच्या एका बड्या शेतकरी घरातून मला मागणी आली होती. मुलाच्या आईनं पसंत केलं तर शाळा बंद. नाही केलं तर जूनमध्ये मी जालन्याहून रेल्वेनं रवाना. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. मी फारसं बोलत नसे.

मग आठवड्याभरात कांजिण्या आल्या. आमच्याकडं कांजिण्या आल्या की माणूस आजारी राहत नाही, घरात देवी आलेली असते. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो, फोडणीचा चर्र आवाज बंद होतो, केसांना फणी लागत नाही. आणि ज्याच्या अंगावर ती आली त्याचं मागणं हे देवीचंच मागणं धरतात. त्याला नाही म्हणायचं नसतं.

"आई, ताक घेता का?" आत्या उंबऱ्यापाशी हात जोडून विचारायची. "अहो, वाईच दहीभात तरी खावा."

पहिले दोन दिवस मला ताप फार होता, त्यामुळं या बढतीची मजा घेता आली नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि लुगडं छळायला लागलं. निऱ्या नेमक्या कमरेवरच्या फोडांवर, काष्टा मांड्यांवरच्या फोडांवर, आणि चोळीची गाठ अशा ठिकाणी की श्वास घेतला तरी एखादा फोड फुटेल. माझ्या पेटीच्या तळाशी शाळेतला झगा होता. मऊ मलमलीचा, घोट्यापर्यंत लांब, गळ्याशी चुण्या, फुगीर बाह्या, मनगटाला बोटभर लेस. शिवणाच्या तासाला मी तो अख्खा स्वतः शिवला होता. दिवाळीत आत्याला मोठ्या हौसेनं एकेक टाका दाखवला, तेव्हा ती म्हणाली होती, "मड्यावर घालतात असलं." आणि पेटीची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली होती.

"काय पायजे ते बोला, आई," ती म्हणाली.

मी डोळे मिटून घेतले. डोळे उघडे ठेवून मला ते जमलं नसतं. "पांढरं काहीतरी," मी म्हणाले. "सैल. पेटीतलं."

मग किल्ली खुळखुळली.

झगा अंगात गेला आणि मला वाटलं, आता महिनाभर कांजिण्या राहिल्या तरी चालेल. कुठं काही आवळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी देवीला निळी फीत हवीशी झाली. विंचरायचं नव्हतं, म्हणून मोकळे केस मानेमागं नुसते गोळा करून बांधले. त्यानंतरच्या दिवशी बाबांची पातळ शाल मागवली, तिला खसाचं अत्तर लावून. बाबांनी ती स्वतः आणून दिली आणि माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत म्हणाले, "देवीची मर्जी." आरशात पाहिलं, तर चेहरा ज्वारीच्या लाह्या चिकटवल्यासारखा दिसत होता. चेहऱ्याचं काही करता येत नव्हतं, म्हणून मी बाह्यांकडं लक्ष दिलं. फुगे नीट उभे केले, लेस सारखी केली, आणि लोडाला टेकून बसले.

त्याच संध्याकाळी निरोप आला. नांदूरघाटच्या बाई, म्हणजे मुलाची आई, बीडमध्ये नातलगांकडं उतरल्या होत्या. घरात देवी आहे असं कळल्यावर ओटी भरायला सकाळी येतो म्हणाल्या. सकाळीच मला लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालून देवीची पाठवणी व्हायची होती.

"ओटी भरायला न्हाई, तुला बघायलाच येतीया ती," आत्या म्हणाली, आणि जीभ चावून, "तुमाला, आई. आता तेवढा झगा उतरवा. लुगडं नेसा. माझ्या तोंडाला काळं फासू नका."

"न्हाण झाल्यावर," मी म्हणाले.

माझा बेत साधा होता. नांदूरघाटच्या बाई न्हाणाच्या आधी याव्यात, त्यांनी मला झग्यात बघावं आणि दारातूनच परत फिरावं. देवीच्या आड लपून मी हे करतेय याची लाज वाटत होती. झोप मात्र छान लागली.

त्या न्हाणाच्या आधीच आल्या. चांगल्या उंच, भरलेल्या बाई, हिरवं इरकली लुगडं, कपाळावर घाम. हुश्श करून माझ्या समोर बसल्या. "मला ल्हानपणीच येऊन गेल्यात," म्हणाल्या, आणि तांदूळ-नारळ माझ्या ओटीत घातले. माझ्या तोंडाकडं त्यांनी धड पाहिलंही नाही. माझी बाही दोन बोटांत धरली.

"हे काय गं?"

"झगा."

"आन् कमरंला?"

"काही नाही."

"कायच न्हाई? बांधायचं न्हाई, खवायचं न्हाई?"

"नाही."

त्यांनी आपल्या कमरेवर हात ठेवला. "हितं घट्टा पडलाय माझ्या, बैलाच्या खांद्यावानी," त्या आत्याला म्हणाल्या. "दुपारच्याला दार लावून असलं घालून पडलं, तर कोण बघायला येतंय?"

आत्यानं तोंडाला पदर लावला.

"पोरगी पसंत हाय," बाई म्हणाल्या. "फोडं काय, जातील. मला असला एक शिवून दे म्हंजे झालं. शिवता येतं का हिला?"

ज्या झग्यानं सोयरीक मोडायची, तोच ती जुळवायला बसला होता. आत्याचा चेहरा उजळला. "न येऊन कसं चालंल! हा झगा तर—"

"सगळा मी नाही शिवला," मी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. "गळ्याच्या चुण्या आणि बाह्या शाळेतल्या बाईंनी लावल्या. ते शेवटच्या वर्षाला शिकवतात."

नांदूरघाटच्या बाईंनी आत्याकडं पाहिलं. "खरं का ओ?"

आत्या माझ्याकडं बघत राहिली. टाका न् टाका तिला ठाऊक होता. पण न्हाणाचं पाणी अजून चुलीवर होतं, लिंबाचा पाला त्यात अजून पडायचा होता, आणि न्हाण होईपर्यंत देवीला खोटं पाडायची तिची छाती नव्हती.

"आई म्हनत्यात," ती शेवटी दात आवळून म्हणाली, "म्हंजे खरंच असंल."

"मग शिकून येऊ द्या की," बाई म्हणाल्या. "एक साल काय, असं जातंय. बिगरबाह्यांचा झगा मी न्हाई घेणार. चल, माप घे माझं."

आत्यानं सुतळी आणून दिली. नांदूरघाटच्या बाई दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या आणि सुतळी काखेशी गेली की गुदगुल्या होऊन खदाखदा हसू लागल्या. मी खांद्याचं माप दोनदा चुकवलं, गाठ भलतीकडंच मारली, तिसऱ्यांदा विचारलं, "अशी धरू की अशी?" फार सफाईनं घेतलं असतं तर सगळंच फसलं असतं. आत्या भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. माझी एकेक चूक ती मनात मांडून ठेवतेय हे मला दिसत होतं.

न्हाण झाल्यावर तिनं त्यातली एकही ठेवून घेतली नाही, एकेक मोजून मला सुनावली. पाठीवर एक धपाटाही दिला, फोड नसलेली जागा बघून.

जूनमध्ये मी हैदराबादला गेले. झगा पहिल्या आठवड्यातच शिवून झाला. नांदूरघाटला तो मी पाठवला शेवटचा पेपर देऊन आल्यावर.