वीस खाटा आणि दोन हात

दिगूला मी शेवटचं पाहिलं ते खालून. म्हणजे मी धंतोलीतल्या आमच्या दवाखान्याच्या अंगणात आणि तो वर, त्याच्या घराच्या गॅलरीत. संध्याकाळी फाटकाची कडी लावायच्या आधी मान वर करून त्याच्याकडे बघायचं, ही माझी कित्येक वर्षांची सवय. त्या दिवशी त्याने हात वर केला आणि बोटं दाखवून विचारलं, "नाना, किती?" मी म्हटलं, "तीन." तो म्हणाला, "दोन हायेत बे. उद्या सकाळी वर ये, तुहा डोया पाहतो." आम्ही दोघंच असलो की त्याच्या तोंडी शाळेतली भाषा यायची. मी बरं म्हटलं आणि सायकल काढली. सकाळी गेलो तर जिन्यात वहिनी उभ्या होत्या... झोपेतच गेले, म्हणाल्या. याला आता पंधरा दिवस झाले. पेपरात चार ओळी आल्या, त्यात 'सुप्रसिद्ध नेत्रतज्ज्ञ' असं छापलं होतं. ते खरंच आहे. पण त्या चार ओळींत न आलेलं मला इथे लिहायचं आहे, कारण ते माझ्याशिवाय आता एकाच बाईंना ठाऊक आहे आणि त्या काही लिहायच्या नाहीत.

आम्ही दोघं रामटेकच्या शाळेत एका बाकावर. तो हुशार, मी बोलका. तो डोळ्यांचा डॉक्टर झाला, मी नागपुरात एका विमा कचेरीत कारकून. साठच्या दशकात त्याने धंतोलीत दोन भाड्याच्या खोल्यांत दवाखाना थाटला तेव्हा लोक हसले होते. नुसते डोळे बघून पोट कसं भरायचं? बाकीचे डॉक्टर तापापासून बाळंतपणापर्यंत सगळं करत. पण दिगूचा हात असा होता की दोन-तीन वर्षांत भंडारा, शिवनी, बालाघाटपर्यंतचे लोक त्याच्या ओट्यावर येऊन बसू लागले. पुढे बँका सरकारी झाल्या, कर्ज मिळणं सोपं झालं, आणि मी त्याच्या मागे लागलो. जागा घे, वीस खाटांचं आय हॉस्पिटल बांध, वर घर कर. तो म्हणायचा, "काहून गा एवढं? दोन खोल्या बऱ्या हायेत." मीच ऐकलं नाही. नोकरी सोडून त्याचा मॅनेजर झालो आणि भूमिपूजनाला नारळही मीच फोडला. त्या नारळाचा आवाज अजून कानात आहे.

डोळ्यांच्या दवाखान्याचं गणित बाहेरच्या माणसाला समजत नाही. मोतीबिंदू पिकावा लागतो, आणि पिकला तरी लोक उन्हाळ्यात ऑपरेशन करून घेत नाहीत. उन्हाळ्यात जखम चिघळते, अशी खेड्यापाड्यातली समजूत. आणि आमच्या नागपूरचा उन्हाळा असा की समजूत तरी कशी काढणार! म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत झुंबड, आणि उरलेलं वर्ष वीस गाद्यांवर वीस उशा, बस. पगार मात्र बारा महिने, हप्ता बारा महिने. दुसरी गंमत म्हणजे आमच्याकडे जाहिरात नव्हती, होती ती फक्त मागच्या वर्षीची माणसं. ऑपरेशन झालेली म्हातारी पुढच्या हिवाळ्यात आपल्या गावच्या चार जणांना बोटाला धरून घेऊन यायची. एक डोळा उघडला की एक गाव उघडायचं, आणि एक डोळा बिघडला की... ते मी पुढे सांगतो. तर रोज संध्याकाळी दिगू गॅलरीत यायचा आणि मी अंगणातून बोटं दाखवायचो. किती खाटा रिकाम्या तेवढी बोटं. पौषात मूठ, म्हणजे सगळ्या भरलेल्या. वैशाखात दोन्ही हात दोनदा उघडायचो. तो मान हलवून आत जायचा. मला हा खेळ वाटायचा. त्याला काय वाटायचं ते त्याने मला फार उशिरा सांगितलं. "नाना, तुही ती बोटं माह्या मानेवर बसतात," म्हणाला.

आणि खरंच, तो मानेपर्यंत अडकला होता. जिन्याच्या सोळा पायऱ्या उतरल्या की दवाखाना, चढल्या की घर. धानाची कापणी नेमकी सीझनच्या तोंडावर येते, म्हणून गावी जाणं सुटलं. त्याची आई पौषात गेली. सकाळी जाऊन अग्नी देऊन तो दुपारच्या ऑपरेशनला परत आला होता, कारण आठ पेशंट डोळ्यांत थेंब घालून बसले होते. मदतीला मी एक तरुण सर्जन आणला. पण पेशंटना 'मोठे डॉक्टर'च हवेत. तो बिचारा दोन हिवाळे शुगर-बीपी बघत बसला आणि मग दोन गल्ल्या सोडून स्वतःची पाटी लावून मोकळा झाला. मग मी म्हटलं, आता परदेशी बनावटीचं ऑपरेशनचं मायक्रोस्कोप आणू, त्याच्याकडे ते नाही. पुन्हा कर्ज. दिगू त्या यंत्राकडे बघत म्हणाला होता, "आधी डोयांसाठी मशीन आनली. आता मशीनसाठी डोये शोधून राहिलो." मी हसलो होतो. स्पेशालिटी म्हणतात त्याला, असं मी पाहुण्यांना ऐटीत सांगायचो. एकवीस माणसांचे पगार, बँक, इमारत, यंत्र... सगळं दोन हातांवर उभं आहे, याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता.

तो अर्थ पहिल्यांदा मेश्राम सिस्टरांनी सांगितला. या आमच्या थिएटर सिस्टर. रोज कामठीहून पहिल्या बसने यायच्या आणि घड्याळ त्यांना बघून लावावं. एकदा माझ्या खोलीत येऊन दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्याच बोलल्या, "नानासाहेब, साहेबांचा हात थरथरून राहिला. मी दोन महिन्यांपासून पाहून राहिली." मी म्हटलं, थंडी आहे. त्या म्हणाल्या, "थंडी मलाही आहे. माझा नाही थरथरत." मी त्यांच्यावर खेकसलो. कुठे बोलू नका म्हणून बजावलंही. त्या कुठे बोलल्या नाहीत. त्यांनी एवढंच केलं की टाका घालायच्या वेळी आपला डावा हात दिगूच्या मनगटाखाली ठेवायला सुरुवात केली, जणू काही तसंच असतं. चारेक दिवसांनी दिगू स्वतःच आला. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "नाना, मले आता थांबाचं हाय." मी काय म्हणालो असेन? म्हटलं, "एवढा हिवाळा काढ." हे मी त्याला तीन हिवाळे म्हणालो.

त्यातल्या दुसऱ्या हिवाळ्यात सरजाबाई आल्या. मनसरच्या पुढच्या एका खेड्यातल्या, सत्तरीच्या, एकट्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा आधी केला. ऑपरेशन चालू असताना डोळ्याच्या आतला द्रव बाहेर आला, आणि तो डोळा गेला. असं चांगल्यात चांगल्या हाताखालीही होतं, हे मला ठाऊक आहे, दिगूलाही ठाऊक होतं. पण तो दिवसभर त्यांच्या खाटेपाशी बसून राहिला. डोकं हलू नये म्हणून दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि सरजाबाईच त्याची समजूत घालताहेत! "जाऊ द्या डाक्टरसायेब. एक हाय ना अजून." संध्याकाळी तो मला म्हणाला, बस झालं. मी म्हटलं, आत्ता थांबलास तर लोक म्हणतील त्या डोळ्यामुळे थांबला. म्हणजे बघा, बुद्धी माझी कुठे चालायची!

पुढच्या वर्षी कार्तिकात सरजाबाई पुन्हा आल्या. आता दुसऱ्याही डोळ्याला काही दिसत नव्हतं. शेजारची एक सून काठीला धरून घेऊन आली होती आणि सोबत गावातले आणखी पाच जण. गेल्या वर्षी डोळा गेलेली बाई परत त्याच डॉक्टरकडे येते, म्हटल्यावर ते पाच जण निर्धास्त होते. दिगूने त्यांना तपासलं, आणि मेडिकल कॉलेजातल्या सर्जनच्या नावे चिठ्ठी लिहिली. मला बोलावून म्हणाला, "इले रिक्षात बसवून दे. स्वतः जा पाहिजे तर. हा एकच डोया हाय, नाना. मी हात लावणार नाही." मी चिठ्ठी घेऊन बाहेर आलो. ओट्यावर ते पाच जण बसले होते आणि माझ्याकडे बघत होते. मोठ्या डॉक्टरने स्वतः पेशंट दुसरीकडे पाठवला, ही बातमी होळीच्या आत सगळ्या रामटेक तालुक्यात पोचली असती. मी उभा राहिलो... फार नाही, मिनिटभर असेल. मग चिठ्ठी खिशात घातली, आत गेलो आणि दिगूला सांगितलं, "नाही म्हणते. तुझ्याच हातानं पाहिजे म्हणते." तो बराच वेळ टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत बसला. मग म्हणाला, "बरं."

त्या ऑपरेशनच्या वेळी मी थिएटरच्या दारात उभा होतो. मला फक्त सिस्टरांची पाठ दिसत होती, आणि ती पाठ पाऊण तास हलली नाही. आठव्या दिवशी सरजाबाईंना घरी सोडायचं होतं. पट्टी काढली, सिस्टरांनी त्यांच्या डोळ्यासमोर जाड भिंग धरलं, आणि दिगूने नेहमीसारखी बोटं दाखवली. "माय, किती?" सरजाबाई बघत राहिल्या. वॉर्डात सगळे थांबले होते. त्या म्हणाल्या, "तीन हायेत." आणि मग, अगदी काळजीने, "पन डाक्टरसायेब, तुमचा हात काहून हालून राह्यला?" मी आणि सिस्टरांनी तीन हिवाळे जे झाकलं ते त्यांनी एका डोळ्याने, उघडल्यावर पहिल्याच मिनिटात पाहिलं. त्यांनी आपल्या दोन्ही हातांनी त्याची ती तीन बोटं धरली आणि घट्ट दाबून स्थिर केली. दिगूने हळूच विचारलं, "माय, मेडिकलले काहून नाही गेल्या तुम्ही?" त्या म्हणाल्या, "कोनं सांगतलं होतं जा म्हनून?"

दिगूने माझ्याकडे पाहिलं. बस, पाहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला शरम वाटायला हवी होती, पण मला राग आला, त्या म्हातारीचा. काय गरज होती बोलायची! शरम नंतर आली आणि अजून गेलेली नाही. दिगूने हातमोजे कपाटात ठेवले, त्याच दिवशी. दोन वर्षांत दवाखाना हाडांच्या डॉक्टरांना भाड्याने गेला, भाड्यावर बँक भागू लागली, मायक्रोस्कोप विकलं गेलं. नव्या डॉक्टरांनी मला मॅनेजर म्हणून ठेवून घेतलं. दिगू वरच राहिला. खाली दुसऱ्यांचे पेशंट पाय टांगून पडलेले आणि वर हा. गावी जा म्हटलं तर म्हणायचा, आता कुठे जाऊ, तिथं मला ओळखतं कोण. सुटला, पण बाहेर पडता आलं नाही त्याला. संध्याकाळी गॅलरीत यायचा. सवयीने मी बोटं दाखवायचो, तोही सवयीने मान हलवायचा. चिठ्ठीबद्दल त्याने एक अक्षर काढलं नाही. बोलला असता तर मी पाया पडलो असतो. मला आपणहून आधी बोलता आलं नाही, आणि तो वाट बघत असेल का, हेही मी कधी विचारलं नाही. सहा वर्षं.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला आणि भेटायला आलेल्या मेश्राम सिस्टरांना वर बोलावलं आणि माझ्या हातात एक पाकीट दिलं. "त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं होतं यांनी. सकाळी तुम्ही आल्यावर देणार होते." मी उजवा डोळा मिटून डाव्याने वाचलं. अक्षर इतकं वेडंवाकडं झालं होतं की सिस्टर नसत्या तर मला लागलंच नसतं. वर मेडिकलमधल्या सर्जनचं नाव. माझं नाव, वय, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, कृपया लवकर ऑपरेशन करावं. हे सगळं इंग्रजीत, माझा डोळा तपासायच्याही आधी. आणि खाली सहीनंतर मराठीत एक ओळ. 'नाना, ही तरी पोचव.'

सिस्टरांनी ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली. मी चिठ्ठीची घडी घातली, आणि सवयीने हात खिशाकडे गेला. त्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली, आपल्या पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन ओढली. सोमवारी त्या कामठीहून पहिल्या बसने येणार आहेत, मला मेडिकलला घेऊन जायला.