काकांचा बास आणि माझा चहा

अख्ख्या न्यू जर्सीत बास गिटारच्या वायरीवर आमच्या समोरच्या घरातल्या काकांइतका जीव टाकणारा दुसरा माणूस सापडणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. आणि गंमत म्हणजे काकांना गिटार वाजवता येत नाही. बास सोडा, त्यांना साधी शिट्टी येत नाही. कधी चुकून वाजवलीच तर काकू आतून ओरडायच्या, "कुकर झाला वाटतं!" अर्थात हे काकूंचे कान चांगले होते तेव्हाचं. जन्मभर वीज कंपनीत इंजिनियर म्हणून काढल्यावर काका रिटायर झाले, एकुलती एक मुलगी लग्न करून पार पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला गेली, आणि तिची शाळेच्या बँडमधली बास गिटार बेसमेंटमध्ये मागे राहिली. दुसऱ्या कुठल्याही बापाने ती कुणाला तरी देऊन टाकली असती. काकांनी ती साउंड सिस्टिमला जोडायचा ध्यास घेतला. तेव्हापासून आमच्या मराठी मंडळात गाणारे बदलले, तबलजी बदलले, अध्यक्ष तर भांडून भांडून दरवर्षी बदलतात, पण स्टेजच्या कोपऱ्यात गुडघे टेकून, तोंडात टॉर्च धरून बसलेले काका तेच.

आता बास जोडायचा म्हणजे एक वायर खुपसायची आणि मोकळं व्हायचं, असं तुमच्या-माझ्यासारख्या अडाण्यांना वाटतं. मी हे एकदा काकांना बोलून दाखवलं आणि माझ्या अर्ध्या रविवारची वाट लागली. गिटारचा आवाज सरळ साउंड सिस्टिमला दिला तर म्हणे तो उपाशी माणसासारखा रोडावून पोचतो. म्हणून मधे एक लोखंडी डबी लागते. गिटारची वायर डबीत, डबीतून एक वायर आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरला आणि दुसरी बासच्या स्पीकरला. ही डबी काका आईच्या दागिन्यासारखी मऊ फडक्यात गुंडाळून आणतात आणि मंडळातल्या कुणालाही हात लावू देत नाहीत. "बास म्हणजे फोडणीतला हिंग आहे गं," ते मला समजावत होते, "घातलेला दिसत नाही, पण विसरलीस तर पहिल्या घासाला कळतं." हिंगावर आल्यावर मला पटलं. त्याच्या आधीचं सगळं डोक्यावरून गेलं होतं.

वायर गुंडाळण्यावरून तर काका माणसाची लायकी ठरवतात. तळहात आणि कोपर यांच्यात लोकरीसारखी वायर गुंडाळणारा माणूस त्यांच्या दृष्टीने वाया गेलेला. वायरीला पीळ पडतो आणि ती आतून मरते, असं त्यांचं म्हणणं. आमच्या शेजारणीचा होणारा जावई एका कार्यक्रमानंतर कौतुकाने मदतीला धावला. चांगला सर्जन मुलगा. त्याने कोपराला वायर गुंडाळायला घेतली आणि काका शेजारणीच्या कानाशी लागले, "ऑपरेशननंतर हा आतडी कशी परत ठेवत असेल, एकदा विचारून घ्या." लग्न झालं, पण शेजारीण अजून त्या जावयाकडे जरा संशयानेच बघते.

पण काकांचा खरा वैरी म्हणजे घुंss. जोडणीत कुठे काही बिनसलं की स्पीकरमधून हलका घुंss असा आवाज येतो. बाकीच्यांना तो ऐकूही येत नाही, काकांची मात्र झोप उडते. एकदा आमच्या घरी गाण्याची बैठक होती. बास जोडला आणि घुंss सुरू झाला. काका पाव्हणेमंडळींमधून वाट काढत भिंतींना कान लावत फिरले, घरातली एकेक वस्तू बंद करत सुटले आणि शेवटी गॅरेजमधून विजयी मुद्रेने परत आले. बैठक छान झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, की त्यांनी माझा मोठा फ्रीझर बंद केला होता आणि परत चालू करायचं विसरले होते. सांगलीहून सासूबाईंनी करून दिलेल्या पुरणपोळ्या, खवलेलं ओलं खोबरं, सगळ्याचा चिखल! मी तणतणत समोर गेले. काका शांतपणे म्हणाले, "पण बास कसा स्वच्छ आला की नाही?" आता काय करावं या माणसाला? मी महिनाभर अबोला धरला, तोही त्यांच्या लक्षात आला नाही.

शिवाय काका साळसूद दिसतात, तसे नाहीत. "बास जरा कमी करा हो," असं सांगायला प्रत्येक अध्यक्ष उठून येतो. काकांनी मिक्सरवरच्या एका बटणाला पांढरी पट्टी चिकटवून ठेवली आहे आणि त्या बटणाला काहीही जोडलेलं नाही. अध्यक्ष आले की काका अदबीने ते बटण खाली ओढतात. अध्यक्ष डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "हां, आता कसं!" असे किती अध्यक्ष त्या बटणाने सुखी केले असतील, देव जाणे.

मी मात्र बरेच दिवस समजत होते, की हे म्हातारपणीचं खूळ आहे. मग एका दिवाळीच्या कार्यक्रमात काकूंच्या पायांकडे लक्ष गेलं. कार्यक्रम नेहमीप्रमाणे शाळेच्या जिममध्ये होता. बास्केटबॉलची लाकडी जमीन आणि तिच्यावर घडीच्या खुर्च्या. काकू पहिल्या रांगेत चपला काढून, तळवे जमिनीला टेकवून बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी, प्रमुख पाहुण्याच्या थाटात, बासचा स्पीकर. मी काकूंना खुणेनेच विचारलं, पाय गार नाही का पडत? तर त्या हसल्या आणि भलत्याच मोठ्या आवाजात म्हणाल्या, "मला आता खालूनच गाणं ऐकू येतं गं!" कानांनी साथ सोडली होती. कानाचं मशीन लावलं की सगळ्याचा कलकलाट व्हायचा. पण बासचा खर्ज लाकडातून तळव्यांना पोचायचा, आणि माहेरी गाण्यात वाढलेल्या काकू तेवढ्यावरून अख्खं गाणं मनात उभं करायच्या. फ्रीझरचं प्रकरण मी त्या दिवशी माफ केलं.

तर पुढच्या दिवाळीला खरी कसोटी आली. मी मंडळाच्या चहाची प्रमुख. काका मला 'चहामंत्री' म्हणतात. त्या वर्षी मंडळाने माझ्या हट्टापायी चहाचं नवं विजेचं पिंप घेतलं होतं. मी आलं, वेलदोडा घालून पिंप चढवलं, बटण दाबलं, आणि तिकडे काकांच्या स्पीकरमधून असा घुंss निघाला, की समई लावणाऱ्या बाई दचकून मागे सरकल्या. स्टेज आणि माझं चहाचं टेबल एकाच भिंतीशी, त्या भिंतीला विजेची एकच लाइन, आणि समोरच्या भिंतीच्या सॉकेटांना शाळेचं कुलूप. काकांनी वायर बदलली, डबीवरचं बटण इकडून तिकडे करून पाहिलं, स्पीकर फिरवला. घुंss काही हटेना. पडदा उघडायची वेळ झाली. अध्यक्ष हातातला कागद नाचवत आले. "काका, काढून टाका तो बास. कुणाला कळतंय?"

बास वाजवणारी रिया, म्हणजे इथेच जन्मलेली आमची डेंटिस्ट पोरगी, गिटार गळ्यात घालून उभी होती. तीही म्हणाली, "इट्स ओके, काका. मी खाली बसते. नोबडी विल नोटिस."

"एकीला कळेल," काका म्हणाले.

मग ते माझ्या टेबलापाशी आले. पिंपाच्या वायरीकडे एकदा बघितलं. विजेतलं सगळं कळणारा माणूस, घुंss कुठून येतोय हे त्याला केव्हाच कळलं होतं. हाच माणूस माझा फ्रीझर न विचारता बंद करून गेला होता!

"काय चहामंत्री, उकळला का चहा?"

"कुठला? अजून अर्धा तास तरी लागेल."

"बरं," काका म्हणाले आणि परत फिरले. पुढे काही मागणं नाही, काही नाही. तिकडे काकू तळवे जमिनीला लावून त्यांच्याकडे बघत होत्या आणि मान हलवत होत्या, की नाही, अजून काही येत नाही.

मराठी माणूस मध्यंतराला काय वाट्टेल ते सहन करेल. वडा गार असू दे, भाषण लांबू दे. पण चहा? माझं मंत्रिपद जाणार हे मला दिसत होतं. म्हटलं, जाऊ दे गेलं तर! मी वाकले आणि प्लग ओढला.

घुंss थांबला. काका जागच्या जागी उभे राहिले. मागे वळून पाहिलं नाही, नुसता डबीवर हात ठेवला आणि रियाकडे बघून मान डोलावली. पडदा उघडला, नांदी सुरू झाली, आणि दुसऱ्या ओळीला काकू भर जिममध्ये ओरडल्या, "अहो, आलं! टाचेपर्यंत आलं!" सगळे हसले. काका मिक्सरमागे इतके खाली वाकले, की बराच वेळ त्यांचं तोंड कुणाला दिसलं नाही.

मध्यंतरात मी कोमट चहा वाटला. "हा चहा आहे की औषधाचं पाणी?" अध्यक्षांनी माइकवरून विचारलं. पुढे वर्षभर मी टोमणे खाल्ले. काकांनी मात्र तो चहा दोनदा मागून घेतला आणि म्हणाले, "फक्कड झालाय हो." खोटारडा माणूस.

गेल्या उन्हाळ्यात मुलगी येऊन दोघांना बेलव्ह्यूला घेऊन गेली. गिटार आणि डबी काकांनी रियासाठी ठेवली, वायर कोपराला गुंडाळणार नाही असं शपथेवर वदवून घेऊन. आता पिंपातला घुंss दुरुस्त झालाय, चहाला कडक वाफ येते, अध्यक्ष खूश आहेत. पहिल्या रांगेत काकूंच्या खुर्चीवर कुणीतरी बूट घालून बसलेलं असतं.

परवा काकांचा फोन आला. तिकडच्या मंडळाच्या हॉलमध्ये म्हणे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा आहे. म्हणून ते गाडीत प्लायवुडची फळी टाकून नेतात, तिच्यावर बासचा स्पीकर ठेवतात आणि काकूंची खुर्चीही. लोक बघतात, बघू देत. "पोचतो का बास काकूंना?" मी विचारलं.

"पोचतो गं, थोडा थोडा. मागच्या कार्यक्रमात सतत घुंss होता." मग म्हणाले, "इथेही चहाचं टेबल स्टेजजवळच असतं. पण त्या टेबलापाशी ओळखीचं कोणी नाही ना."