काळी पाच

आमच्या सदर भागात हार्मोनियम दुरुस्त करणारे काका भेटताच माणसाच्या आवाजाची पट्टी सांगतात. "आज काळी दोनमध्ये बोलून राहिला तू. सर्दी झाली काय?"

जुन्या संगीत नाटकावरचा सिनेमा लागला, तेव्हा मला ओढूनच घेऊन गेले. आवडतं पद संपताच अंधारात ओरडले, "वन्स मोअर." सिनेमा पुढे सरकला. लोक हसले, मी खुर्चीत दडलो.

"काहून थांबले नाही जी? अन् दोन कडवी गाळली यांनी."

मध्यंतरात दिवे लागले. काका उभे राहिले आणि गाळलेल्या कडव्यांसकट अख्खं पद गायले. समोसे आणायला निघालेले लोक दारातच थबकले. पद संपलं तसा मीच ओरडलो, "वन्स मोअर."

"आता काळी पाचमध्ये ओरडला तू," काका म्हणाले आणि पुन्हा गायला लागले.