ढगातलं बेट आणि वाजणारी परात

महाडात चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं भांड्यांचं दुकान आहे. परात घेताना गिऱ्हाईक वजन बघतं, काठ बघतं, भावात घासाघीस करतं. वर डोंगरात, कुडपणच्या बाजूच्या वाडीतला भिकू मात्र पितळी परात कानाशी धरून बोटानं वाजवत बसला. एकेक करत त्यानं निम्मी फळी नापास केली. मी वैतागलो.

"अरे बाबा, पीठ मळायचंय की भजनाला बसायचंय?"

"पीठ तर मळायचाच हाय. पन पावसात वाजवायला बी लागते. आमची वाडी ढगात जाते ना."

मला कित्येक वर्षांपासून ज्वालामुखीचं बेट बघायची हौस. टीव्हीवर एकदा पाहिलं होतं, भर समुद्रात काळा खडक, त्यावर चार घरं आणि बोटीची वाट बघणारी माणसं. भिकूला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मंग आमच्याकडं या. आमचा खडक बी ज्वालामुखीचाच म्हनत्यात. चारी बाजूला पानी नाय, ढग हाय, येवढाच."

श्रावणात दुकान भावाच्या गळ्यात मारलं आणि निघालो. औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली होती, त्या मोटारसायकलींच्या गर्दीतून आमची एसटी रडतखडत पोलादपूरला पोचली. पुढे जीप. तीही अर्ध्या वाटेत थांबली, कारण रस्त्यावर दरड आली होती. तिथं भिकू न्यायला आला होता. उरलेला डोंगर पायी चढलो. खडकाचे थर जिन्यासारखे एकावर एक रचलेले, प्रत्येक थर म्हणजे तापलेल्या रसाचा एक लोंढा, थंड होऊन बसलेला. हे मी भिकूला मोठ्या ऐटीत समजावत होतो, तेवढ्यात त्याच थरावरून घसरलो आणि चिखलात बसलो. भिकू हसला नाही, पण त्याला ते फार जड गेलं.

वर सडा (खडकाळ सपाट पठार) लागला. हिरवंगार गवत, मधे काळे खडक आणि मोजकी घरं. भिकूचं घर अगदी शेवटचं. अंगणापुढे थोडा सडा, की खाली सरळ दरी. भिकूच्या आईनं, तिला सगळे आय म्हणतात, नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी वाढली. वाडी कशी वसली, विचारलं.

"कुनाच्या तरी भयानं वाडवडील गुरा घेऊन वर आले," ती म्हणाली. "भय गेला, पन गुरांना हितला चारा आवडला. मंग कोन उतरतोय?"

एवढा सुटसुटीत इतिहास मी शाळेत कधी शिकलो नव्हतो.

दिवस कलला तसा ढग खाली आला. समोरचा गोठा दिसेना. भिकूची बायको सुमन म्हैस आणायला सड्यावर गेली होती, ती अजून परतली नव्हती. भिकू पलीकडच्या अंगाला शोधायला गेला. आयनं उंबऱ्यात बसून माझ्याच दुकानातली ती परात वाजवायला घेतली. थोड्या वेळानं तिचे हात भरून आले, म्हणून परात माझ्याकडे देऊन ती चुलीकडे गेली.

मी उत्साहानं बडवू लागलो. मग वाटलं, छपराखाली आवाज कोंडतोय, जरा पुढे जाऊन वाजवूया. वाजवत वाजवत मी अंगण ओलांडलं.

"मागं फिर!" आय मागून धावत आली. माझा दंड धरून तिनं मला ओढलं. "ती आवाजावर चालत येते रं. आवाज उंबऱ्यातनाच यायला पायजे. तू कड्यावर वाजवशील तर ती कड्यावर येल."

उंबऱ्यात येऊन पुन्हा वाजवू लागलो. ढगात काहीच दिसत नव्हतं. देवा, त्या बाईला सुखरूप आण, एवढंच मनात चाललं होतं.

शेवटी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजली. पाठोपाठ प्लास्टिकचा कागद पांघरलेली सुमन आली, चिडलेली.

"मधीच घर कुटं चाल्लं होतं गो आय? घर हललं म्हनून मी जाग्यावर हुबी राह्यले."

आयनं नुसतं माझ्याकडे बोट केलं. सुमन कपाळाला हात लावून हसायला लागली. भिकूही आवाजावरच परत आला, त्यालाही तिनं ते रंगवून सांगितलं. मग त्याच परातीत पीठ मळलं गेलं. मी मान खाली घालून दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

सकाळीही ढग होताच. भिकूनं मला पायवाटेला लावलं. वाट चुकलो तर माघारी येता यावं म्हणून मागे आय परात वाजवत होती. खाली उतरेपर्यंत आवाज पुसट होत गेला, मग विरला. महाडला पोचलो, आंघोळ केली, दुकान उघडलं आणि माझा पराक्रम वगळून बाकीची सगळी हकिगत गिऱ्हाइकांना ऐकवली.

दुपारी भिकूचा फोन आला. वाडीत एकाच खडकावर रेंज मिळते, तिथून बोलत होता.

"पोचलात काय?"

"कधीच!"

"मंग सांगायचं की हो. आय उंबऱ्यातनं उटली नाय. मानूस पोचल्याचा कळल्याबिगर ती थांबत नाय."

त्याच्या बोलण्यामागे बारीक ठण्‌ ठण्‌ ऐकू येत होती.

भिकूनं घराकडे हाळी दिली, "आये, पोचले गो ते!"

परात थांबली. आयुष्यभर मी पराती विकल्या. माझ्यासाठी मात्र एकच वाजली.