शिव्याही नकोत, आरत्याही नकोत

वाचनालयाच्या टेबलामागे बसून मला एकतीस वर्षं झाली. लोक काय मागणार हे मला त्यांच्या चपलांच्या आवाजावरून कळतं, असा माझा एक समज आहे. दहावीची गाइडं, रहस्यकथा, मधुमेहात काय खावं. त्यामुळे संयोगिताताई इंगवले टेबलाशी येऊन हळू आवाजात काही बोलल्या, तेव्हा मी मान वर न करता "जरा जोरात बोला," म्हणालो. कोल्हापुरात असं कुणाला सांगायची वेळ येत नाही.

"सर, सायंटॉलॉजी म्हणून कायतरी हाय अमेरिकेत. त्याच्यावरचं पुस्तक पायजे. शिव्या देणारं नको, आरत्या ओवाळणारंबी नको. मधलं असंल तर द्या."

एकतीस वर्षांत असं पुस्तक कुणी मागितलं नव्हतं. मी मान वर केली.

ताई कसबा बावड्याच्या. घरची शेती, दोन म्हशी, आणि अंगणवाडी सेविका म्हणून केलेली सारी नोकरी. एकुलता मुलगा धैर्यशील आठ वर्षांपासून फ्लोरिडात, कॉम्प्युटरच्या कामावर. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको वेगळी झाली आणि पोराची झोपच उडाली. दर रविवारी सकाळी आठला त्याचा फोन येई आणि ताई त्याच्या आवाजावरून आठवडा कसा गेला ते ओळखत. आणि एका रविवारी तो आवाज मोकळा आला. मी सायंटॉलॉजीचा एक कोर्स करतोय, म्हणाला. एका मीटरची दोन नळकांडी हातात धरून मनातलं बोलायचं असतं, हलकं वाटतं, झोप लागते.

"मला आनंदच झाला ओ," ताई म्हणाल्या. "मग मी ते नाव फोनवर घालून बघितलं."

बघितलं आणि धाबं दणाणलं. एका व्हिडिओत एक गोरी बाई रडत होती. तिच्या लेकीनं तिच्याशी बोलणंच सोडलं होतं. पुढच्या व्हिडिओत तशीच एक गोरी बाई हसून सांगत होती, माझा जन्म सार्थकी लागला. "दोघीबी इतक्या खात्रीनं बोलत्यात, की कुणाचंच खरं वाटंना. सर, पोराशी काय बोलायचं तेवढं मला कळाय पायजे. चुकीचं काय बोललं गेलं, तर पोर हातचं जाईल."

मराठीत असं पुस्तक मला ठाऊक नव्हतं, आणि तसं मी तुसडेपणानं सांगूनही टाकलं. त्या हलल्या नाहीत. शेवटी मीच "बघतो," म्हणालो.

दोन आठवडे बघितलं. एकीकडे संस्थेची स्वतःची पुस्तकं, त्यात सगळं गोड. दुसरीकडे सोडून आलेल्यांच्या आठवणी, त्यात सगळी आग. अखेर एका निवृत्त प्राध्यापकांकडे इंग्रजीतलं सव्वाशे पानांचं पुस्तक मिळालं, धर्मांचा अभ्यास करणाऱ्या कुणा परदेशी बाईनं लिहिलेलं. मी सभासद नाही आणि विरोधकही नाही, असं पहिल्याच पानावर होतं. प्रस्तावनांनी मला आयुष्यात पुष्कळ फसवलंय, म्हणून मी आधी दहा पानं उभ्यानंच वाचली. बाई मधली वाटली.

मग रोज दुपारी तीन ते चार, वाचनकक्ष रिकामा असताना, मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. ताई अंगणवाडीच्या उरलेल्या रजिस्टरात लिहून घ्यायच्या. पन्नासच्या दशकात एका अमेरिकन लेखकानं हे सुरू केलं. अमेरिकेच्या सरकारनं सायंटॉलॉजीला धर्म मानून करातून सूट दिली. फ्रान्समधल्या कोर्टानं तिथल्या संस्थेला फसवणुकीबद्दल शिक्षा केली. मीटरनं आजार ओळखता येत नाही की बरा होत नाही, असं त्यावर लिहायला अमेरिकेतल्याच कोर्टानं लावलं. कित्येकजण मात्र त्यातून खरोखर आधार मिळाल्याचंही सांगतात.

"म्हंजे मधलं हेच," ताई म्हणाल्या. "दोन्हीबी हाय."

माझं इंग्रजी वर्तमानपत्रापुरतं. 'करू शकतात' असं असेल तिथं माझ्या तोंडून 'करतात' गेलं, तर या बाईची रात्रीची झोप जाणार. एकेक वाक्य मी तीनदा वाचत असे. एकतीस वर्षं पुस्तकं नुसती देत-घेत होतो. पुस्तकातला शब्द कुणाला इजा करू शकतो, याची भीती मला पहिल्यांदा वाटली.

सहाव्या दिवशी ते प्रकरण आलं. जो आपल्या वाटेच्या विरोधात आहे, त्याच्याशी संबंध तोडणे. संस्था म्हणते, हा ज्याचा त्याचा निर्णय, आणि तोही शेवटचा उपाय म्हणून. सोडून आलेले म्हणतात, आमच्यावर दबाव होता, आमची आईबापं सुटली. मी दोन्ही सांगितलं. ताईंचा हात लिहिता लिहिता थांबला.

"विरोधात म्हंजे? वाईट बोललं तरी?"

"तसंच काहीसं."

"मग ह्यांस्नी कळता कामा नये," त्या म्हणाल्या आणि रजिस्टर पिशवीत खाली, भाजीच्या तळाशी घातलं.

हे म्हणजे त्यांचे यजमान, हंबीरराव. माणूस सरळ, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. एक घाव दोन तुकडे, हा त्यांचा अभिमान. बांधावरच्या भांडणात त्यांनी सख्ख्या भावाला, सयाजीरावांना, "आमच्या लेखी तू मेलास," म्हणून टाकलं होतं, त्याला सोळा वर्षं झाली. एकाच गल्लीत राहून दोघं एकमेकांच्या घरच्या लग्नाला गेले नाहीत. आमच्याकडे याला कुणी पंथ म्हणत नाही, ताठ कणा म्हणतात.

ताईंनी रविवारसाठी तीन प्रश्न ठरवले, मला म्हणूनही दाखवले. तिथं तुला नको म्हणायची मुभा हाय का? सोडावं वाटलं तर सोडता येतंय का? आणि कायबी झालं तरी रविवारचा फोन करशील न्हवं? आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही, हेही लिहून ठेवलं होतं.

शनिवारी चुलत पुतण्या यशराजनं, धैर्यशीलकडून कोर्सचं कळल्यावर, त्या रडणाऱ्या बाईचा व्हिडिओ हंबीररावांना पाठवला. काळजीनंच पाठवला.

रविवारी ताईंनी पहिला प्रश्न विचारला. धैर्यशील हसला. "आई, तू काय वाचलंस का काय?" म्हणाला, आणि सांगायलाही लागला होता. तेवढ्यात हंबीररावांनी फोन ओढून घेतला.

"त्यांच्यातनं आजच्या आज भाईर पड. न्हाईतर ह्या घरात पाय ठेवू नगंस. आमच्या लेखी तू मेलास!"

पलीकडून पोरगा म्हणाला, "बरं, आबा." आणि फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी आठ वाजले, नऊ वाजले. त्याच्या पुढच्याही. ताईंनी लावला तर उचलला जात नव्हता. संस्थेनं सांगितलं म्हणून, की बापानं सांगितलं म्हणून, हे कळायला काही मार्ग नाही. ताई मंगळवारी येऊन माझ्यासमोर बसल्या, रजिस्टर उघडलं नाही.

"भीती तिकडची घेतली सर, आणि सुरी घरातच निघाली," एवढंच बोलल्या. मी भित्रा माणूस. पुस्तकाची पानं सारखी करत राहिलो.

त्या शुक्रवारी तीन वाजता हंबीरराव स्वतः आले. ताईंनी घरी सगळं सांगितलं असणार. धिप्पाड माणूस दार भरून उभा राहिला. आता हा ओरडणार, तुम्हीच बाईच्या डोक्यात भरवलं म्हणणार. पण ते ताईंच्या खुर्चीत बसले. दाढी वाढलेली होती.

"पावणं, ते पुस्तक कुठाय?"

मी काढून दिलं. इंग्रजी त्यांना येत नाही. त्यांनी ते तळहातावर ठेवलं.

"ह्यात तोडायचं लिवलंय म्हणं."

"हो. एक प्रकरण आहे."

"आनि जोडायचं कुठल्या पानावर हाय?"

मला उत्तर माहीत होतं. तरी मी पानं उलटली, शेवटची सूचीसुद्धा बोट लावून वाचली. "नाही," मी म्हणालो.

"न्हाई असं कसं? नीट बगा की," ते म्हणाले, आणि मी पुन्हा पहिल्या पानापासून बघायला लागलो.